अंध वाचकांसाठी एक फाइल: मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

मराठी पुस्तकांचे प्रकाशक आणि त्यांच्यासाठी अक्षरजुळणी व मांडणी करणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही छापलेलं पुस्तक आम्ही विकत घेतो. त्याचा कणा कापून पानं सुटी करतो, एकेक पान स्कॅन करतो, त्या चित्रांतली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेतो आणि ओळखताना झालेल्या चुका मूळ पानाशी ताडून ओळीओळीने काढत बसतो. सगळं नीट पार पडलं तर काही महिन्यांनी पुस्तकाचा मजकूर हाती येतो. हाच मजकूर पुस्तक छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या संगणकात तयार होता. अंध वाचकांसाठी पुस्तकं तपासणारे स्वयंसेवक या नात्याने आमची तुम्हाला विनंती आहे, की तो मजकूर आम्हाला द्या. का द्यायचा, कोणत्या स्वरूपात द्यायचा आणि दिल्यावर पुढे काय होतं, हे सविस्तर लिहितो आहोत. कारण नुसतं ‘फाइल द्या’ म्हटलं की पुष्कळदा भलतीच फाइल येते.

अंध वाचक पुस्तक वाचतो म्हणजे काय करतो, ते आधी सांगू. संगणकावर एनव्हीडीए किंवा मोबाइलवर टॉकबॅक यांसारखा स्क्रीन रीडर मजकुरातलं अक्षर न् अक्षर उचलून बोलून दाखवतो, किंवा ब्रेल डिस्प्लेवर टिंबांच्या रूपात बोटांखाली उमटवतो. त्यासाठी त्याला अक्षरांचे संकेत लागतात. पानाचा फोटो त्याच्या लेखी कोरा कागद असतो. म्हणून स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ कुणी ‘ई-बुक’ म्हणून पाठवली, तर डोळस माणूस ती वाचतो आणि अंध वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. चित्रातून अक्षरं काढायचं काम ओसीआर करतं, आणि आमचं सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

देवनागरीची अक्षरं शिरोरेषेने एकमेकांना बांधलेली असतात. मधल्या पट्ट्यात व्यंजन, वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार असे तीन मजले एकाच ओळीत असतात. त्यात जोडाक्षरं. शाई जरा फुटली की खालच्या ओळीची मात्रा वरच्या ओळीच्या उकाराला चिकटते. शाई फिकी पडली की शिरोरेषा तुटते आणि एका शब्दाचे दोन होतात. स्कॅन किमान ३०० डीपीआयचा, म्हणजे दर इंचाला ३०० टिंबांचा लागतो, टंक बारीक असेल किंवा तळटीपा असतील तर ४००. शिवाय तो करड्या छटांत करावा लागतो. थेट काळा-पांढरा केला तर फिकट अनुस्वार पानावरूनच गळतात आणि मग ते परत आणायला कुठलीही प्रणाली उपयोगी पडत नाही. कणा न कापता स्कॅन केलं तर शिवणीकडची अक्षरं वाकतात, त्यांच्यावर सावली पडते आणि प्रत्येक ओळीचे एक-दोन शब्द हमखास बिघडतात.

टेसरॅक्टसारख्या मुक्त प्रणालीत मराठीसाठी वेगळं प्रशिक्षण उपलब्ध आहे, आणि स्वच्छ छपाईवर ते बरं चालतंही. पण ‘बरं’ म्हणजे किती, ते पाहा. एका पानावर १५०० अक्षरं धरा. त्यातली ९८ टक्के बरोबर आली तरी पानावर ३० चुका राहतात. २५० पानांच्या पुस्तकात साडेसात हजार. यातल्या अर्ध्या चुका विचित्र दिसतात म्हणून चटकन सापडतात. उरलेल्या सापडत नाहीत, कारण चुकून आलेला शब्दसुद्धा मराठीच असतो.

घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, प आणि ष, ख आणि रव या जोड्या रोजच्या. ‘धन’चं ‘घन’ होतं, ‘मरण’चं ‘भरण’, ‘वारा’चा ‘बारा’. शब्दकोशात या सगळ्यांना जागा आहे, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारी प्रणाली त्यांच्याखाली लाल रेघ ओढत नाही. रफार गळला की ‘कर्म’चं ‘कम’ होतं, ते निदान खटकतं. पण ‘वर्गणी’चं ‘वगणी’ घाईघाईत वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ‘वर्गणी’च दिसतं. आकड्यांचं तर विचारूच नका. १ आणि ९ एकमेकांच्या जागी बसतात, आणि आकड्याला मागचापुढचा संदर्भही नसतो. १९१९ सालचं १९९९ झालं तर ऐकणाऱ्याला ते कळायला वाव नाही.

सगळ्यांत जास्त वेळ खातं ते मराठीतलं एक टिंब. ‘शिक्षकाचा प्रश्न’ आणि ‘शिक्षकांचा प्रश्न’ यांत फरक एका अनुस्वाराचा आहे, आणि दोन्ही शुद्ध आहेत. चरित्रात ‘त्यांचा जन्म’चा ‘त्याचा जन्म’ झाला तर व्याकरण शाबूत राहतं, पण ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्या माणसाचा आदर गळून पडतो. उलटही होतं. फ्लॅटबेड स्कॅनरच्या काचेवर धुळीचा एक कण बसला असेल, तर तो प्रत्येक पानावर त्याच जागी टिंब उमटवतो आणि ते टिंब शिरोरेषेच्या वर पडलं की एकवचनाचं अनेकवचन होतं. म्हणून लागोपाठच्या दोन-तीन पानांवर साधारण एकाच ठिकाणी नको असलेला अनुस्वार दिसला, की मजकूर दुरुस्त करण्याआधी काच पुसून ती पानं पुन्हा स्कॅन करायची. कागद आत ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये तोच कण पानभर उभी रेघ काढतो. ती रेघ दोन अक्षरांच्या मधून गेली तर ओसीआर तिला काना समजतं, आणि ‘कर’चा ‘कार’ होतो.

आणखी एक खास मराठी अडचण आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ बोलावलं आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावलं यांत विद्वान आणि स्वयंपाकी यांच्याइतकं अंतर आहे. हिंदीला ‘दऱ्या’तल्या या आडव्या र ची गरज पडत नाही, म्हणून देवनागरीसाठी बनलेली बरीचशी साधनं त्याची दखल घेत नाहीत. ओसीआरमधून ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’ हे शब्द रफाराने येतात आणि स्क्रीन रीडर ते तसेच उच्चारतो. एका पुस्तकात असे शेकडो शब्द असतात. ‘सगळीकडे बदला’ ही आज्ञा इथे चालवता येत नाही, कारण ‘सूर्या’तला, ‘कार्या’तला रफार बरोबरच असतो. एकेक शब्द बघावा लागतो.

आता तपासणी कशी चालते ते. पहिल्या फेरीत स्वयंसेवकासमोर डावीकडे पानाचं चित्र असतं आणि उजवीकडे ओळखलेला मजकूर. नियम एकच: छापलंय तसं. लेखकाचं शुद्धलेखन सुधारायचं नाही, वाक्य नीटनेटकं करायचं नाही, ‘आणि’च्या जागी ‘व’ घालायचा नाही. नव्याने आलेल्या आणि मराठी उत्तम असलेल्या माणसाला हेच सर्वांत जड जातं. शिवाय वाचनात मुरलेला माणूस अक्षरं वाचत नाही, शब्दांचा आकार वाचतो, आणि त्या भरात चूक गिळून पुढे जातो. यावर आम्हाला लागू पडलेला उपाय म्हणजे ओळखलेला मजकूर संगणकाच्या आवाजात लावायचा आणि डोळे मूळ पानावर ठेवायचे. ‘धन’च्या जागी ‘घन’ ऐकू आलं की कान टवकारतात. पण ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही. शब्दाच्या शेवटची इ मराठीत दीर्घच उच्चारली जाते, ष आणि श यांचा उच्चार बहुतेक ठिकाणी सारखा होतो. म्हणून दुसरी फेरी दुसऱ्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी करायची, आणि त्याच फेरीत सगळे आकडे वेगळे ताडायचे. दुसरी फेरी त्याच माणसाने केली तर फारसा उपयोग होत नाही. एकदा नजरेतून सुटलेली चूक त्याच नजरेतून पुन्हा सुटते. जगभरच्या जुन्या पुस्तकांवर २००० सालापासून काम करणाऱ्या ‘डिस्ट्रिब्युटेड प्रूफरीडर्स’ या स्वयंसेवी प्रकल्पातही एकेक पान अनेक फेऱ्यांतून, वेगवेगळ्या हातांखालून जातं, ते याचसाठी.

तिसरी फेरी अंध मुद्रितशोधकाची. त्याच्यापुढे चित्र नसतं. जिथे वाक्याचा अर्थ लागत नाही, जिथे एखादं नाव मागच्या प्रकरणात वेगळं होतं असं वाटतं, तिथे तो खूण करतो, आणि डोळस जोडीदार पान उघडून ती खूण सोडवतो. ही फेरी वगळायचा मोह होतो. वगळू नये. डोळ्यांना न दिसणाऱ्या काही चुका तिथेच सापडतात. दोन शब्दांमधली गळालेली जागा, ‘ॲ’ऐवजी अ वर वेगळा बसवलेला चंद्र, विसर्गाच्या जागी पडलेलं अपूर्णविरामाचं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविराम असेल तर स्क्रीन रीडर मधेच थांबून दोन तुकडे बोलतो, आणि ‘दुःख’ असं शोधलं तर तो शब्द पुस्तकात सापडतच नाही.

एका पानाला पहिल्या फेरीत पंधरा मिनिटं धरली तर २५० पानांना साडेबासष्ट तास लागतात. रोज एक तास देणाऱ्या माणसाचे हे दोन महिने झाले, आणि उरलेल्या दोन फेऱ्या पुढेच आहेत. विद्यार्थ्याची परीक्षा तोवर होऊन गेलेली असते.

या दोन महिन्यांत केवळ अक्षरं दुरुस्त होतात असंही नाही. छापील पानाची मांडणी उलगडावी लागते. प्रत्येक पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं किंवा प्रकरणाचं नाव असतं, तळाशी पृष्ठांक असतो. ते काढलं नाही तर अंध वाचकाच्या कानावर वाक्य असं पडतं: ‘ती उंबऱ्यापाशी थांबली आणि मागे सत्तेचाळीस प्रकरण तिसरे वळून म्हणाली’. ओळीच्या शेवटी तोडलेला शब्द जोडावा लागतो. तळटीप वाक्याच्या पोटात घुसलेली असते, ती उचलून टीपेच्या जागी न्यावी लागते. दोन रकान्यांचं पान ओसीआर आडवं वाचून दोन्ही रकान्यांच्या ओळी एकमेकींत विणून ठेवतं. कवितेच्या ओळी गद्यासारख्या सलग होतात. तक्त्याचं काय होतं ते सांगायलाच नको; बहुतेक वेळा तो नव्याने बांधणं सोपं पडतं. आणि पृष्ठांक मजकुरातून काढायचा असला तरी हरवून चालत नाही. वर्गात ‘पान ४७ उघडा’ म्हटलं जातं तेव्हा अंध विद्यार्थ्यालाही ४७वं पान उघडता आलं पाहिजे, म्हणून पानाची खूण वेगळ्या प्रकारे मजकुरात ठेवतात.

यातलं जवळपास काहीच करावं लागणार नाही, जर अक्षरजुळणीची फाइल मिळाली. आता कोणती फाइल, ते.

लेखकाने दिलेली वर्डची फाइल देऊ नका. ती देणं तुम्हाला सोपं असतं हे खरं, पण दुसरं आणि तिसरं प्रूफ मांडणीच्या फाइलमध्येच दुरुस्त होतं आणि लेखकाच्या फाइलमध्ये त्या दुरुस्त्या कधीच परत जात नाहीत. ती फाइल वापरली तर अंध वाचकाला पुस्तकाची कच्ची प्रत मिळते. डोळस वाचकाने वाचलेली शेवटची ओळ त्याच्या प्रतीत नसते. हे अन्यायाचं आहे, आणि लेखकालाही ते आवडणार नाही. द्यायची ती छपाईला गेलेली अंतिम मांडणी, इनडिझाइन किंवा पेजमेकर ज्यात असेल त्यात, किंवा तिच्यातून निर्यात केलेला मजकूर.

छपाईसाठी बनवलेली पीडीएफ सोबत जरूर द्या, ती ताडून पाहायला उत्तम. एकटी मात्र पुरत नाही. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार असतात आणि कोणता आकार म्हणजे कोणती अक्षरं याची एक सारणी आत असते. इंग्रजीत ती बहुधा नीट असते. देवनागरीत जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांच्या बाबतीत ती वारंवार तुटकी निघते. त्यामुळे पडद्यावर सुरेख दिसणाऱ्या पीडीएफमधून मजकूर उचलला की वेलांट्या भलत्या अक्षरावर बसतात आणि जोडाक्षरांच्या जागी चौकोन येतात. तुमच्याकडच्या कुठल्याही मराठी पीडीएफमधला एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. एका मिनिटात सगळं कळेल.

आता पुष्कळांना सतावणारी शंका: ‘आमच्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये आहेत, त्यांचा काय उपयोग?’ उपयोग आहे. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. ‘कमल’ हा शब्द कृतिदेवमध्ये प्रत्यक्षात डी, ई, वाय ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. वर चढवलेला आकार तेवढा मराठी. स्क्रीन रीडरला आकार दिसत नाही, म्हणून तो ‘डे’सारखं काहीतरी बोलून मोकळा होतो. अशी फाइल अंध वाचकाला थेट देता येत नाही. पण डी म्हणजे क, ई म्हणजे म, हे ठरलेलं असतं. ओसीआरमध्ये चूक कुठे होईल ते पानापानावर बदलतं. फॉन्टच्या रूपांतरात होणारी चूक मात्र पुस्तकभर एकसारखी असते. ती एकदा सापडली, की सगळीकडे एकदम दुरुस्त करता येते. फरक इथे आहे.

या रूपांतरात काय बिघडतं तेही सांगतो, म्हणजे तुमच्याकडेच कुणी ते करत असेल तर उपयोगी पडेल. जुन्या फॉन्टमध्ये दिसतं त्या क्रमाने टंकलेलं असतं. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार अक्षर झाल्यावर. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, क्रम उच्चाराचा असतो. ‘मार्मिक’मधला ‘र्मि’ जुन्या फाइलमध्ये वेलांटी, म, रफार असा असतो. त्याचा र्, म, वेलांटी असा करावा लागतो. साध्या रूपांतरकाला ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरावर वेलांटी कुठवर सरकवायची ते कळत नाही आणि ती स वरच अडकते. ‘द्ध’चा ‘ध्द’ होतो. पुष्कळदा तो मुळातच तसा टंकलेला असतो, कारण जुन्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार जवळजवळ सारखे दिसत. ‘शुध्द’, ‘प्रसिध्द’, ‘पध्दत’ हे कागदावर कुणाला खटकत नव्हतं. स्क्रीन रीडर मात्र ध् आधी आणि द नंतर असंच म्हणतो. आडवा र इथेही हरवतो. तो दोन प्रकारे लिहिता येतो: एक म्हणजे र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह; दुसरा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. पहिल्या प्रकारातलं जोडचिन्ह डोळ्यांना दिसत नसल्यामुळे मजकूर एका प्रणालीतून दुसरीत जाताना गळून पडतं आणि ‘दुसऱ्या’ पुन्हा रफाराचा होतो. म्हणून टंकतानाच टिंबाचा ऱ वापरावा, असं अक्षरजुळणी करणाऱ्यांना आमचं आग्रहाचं सांगणं आहे.

फाइलसोबत फॉन्टचं अचूक नाव आणि आवृत्ती कळवा. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्यांमध्ये चार-दोन जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या असू शकतात. पुस्तकात संस्कृत श्लोकांसाठी किंवा आकड्यांसाठी दुसरा फॉन्ट वापरला असेल तर तेही लिहा, नाहीतर रूपांतरात नेमका तेवढाच भाग निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन येतो.

नवीन पुस्तकं युनिकोडमध्ये होत असतील तर आणखी एक गोष्ट करा, तिला खर्च नाही. प्रकरणाचं शीर्षक नुसतं मोठं आणि ठळक करू नका. मांडणीच्या प्रणालीत त्याला शीर्षकाची शैली द्या, उपशीर्षकाला तिच्या खालची. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस एच ही कळ दाबत शीर्षकाशीर्षकांवरून उड्या मारत जातो, डोळस माणूस पानं चाळतो तसाच. शैली नसेल तर त्याच्या दृष्टीने पाचशे पानांचं पुस्तक म्हणजे एकच न संपणारा परिच्छेद. तळटीपाही प्रणालीच्या तळटीप-सोयीनेच घाला, हाताने आकडा चढवून नको. आणि चित्रं, नकाशे, आलेख असतील तर लेखकाकडून प्रत्येकाचं दोन-तीन वाक्यांत वर्णन लिहून घ्या. आम्ही ते लिहितो, पण नकाशात लेखकाला काय दाखवायचं होतं हे लेखकच सांगू शकतो.

कायद्याबद्दल मोकळेपणाने बोलू. कॉपीराइट कायदा, १९५७ यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२(१)(झेडबी) आलं. अपंग व्यक्तींना वाचता यावं म्हणून कोणत्याही कृतीची सुलभ स्वरूपातली प्रत करणं आणि त्यांना देणं हा त्यानुसार कॉपीराइटचा भंग ठरत नाही. अटी आहेत: नफा कमवायचा नाही, घेतलाच तर निर्मितीचा खर्च तेवढा घ्यायचा, आणि हे काम करणाऱ्या संस्थेने त्या प्रती अपंग व्यक्तींनीच वापराव्यात आणि बाजारात जाऊ नयेत याची काळजी घ्यायची. अंध वाचकांसाठी अशा प्रती करायला आणि देशोदेशी पाठवायला मोकळीक देणारा आंतरराष्ट्रीय मराकेश करार २७ जून २०१३ रोजी झाला, त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ साली. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो अमलात आहे. म्हणजे पुस्तक स्कॅन करून तपासायला आम्हाला तुमची परवानगी लागत नाही. फाइल देणं मात्र तुमच्यावर या कलमाने बंधनकारक केलेलं नाही, म्हणून तर हे पत्र. कायद्याने आमच्यासाठी दार उघडलं आहे. आत यायला दोन महिने लागावेत की दोन दिवस, हे तुमच्या हातात आहे.

तुमची भीती आम्ही क्षुल्लक मानत नाही. मराठी पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ मोबाइलवरून फिरतात आणि त्यात प्रकाशक आणि लेखक दोघंही भरडले जातात. ‘फाइल बाहेर गेली तर?’ हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर आश्वासनाने देण्यापेक्षा पद्धतीने द्यावं असं आम्हाला वाटतं. तुमची मूळ मांडणीची फाइल रूपांतर करणाऱ्या एक-दोन माणसांपलीकडे जाऊ नये आणि काम झाल्यावर पुसली जावी. तपासणाऱ्या स्वयंसेवकाला सबंध पुस्तक न देता वीस-पंचवीस पानांचे गठ्ठे द्यावेत. स्कॅनवरून काम करतानाही हीच पद्धत चांगली. तयार झालेली प्रत नोंदणीकृत वाचकांपर्यंतच जावी. देशात यासाठी व्यवस्था आहे: केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने डेझी फोरम ऑफ इंडिया ही सुलभ पुस्तकं तयार करणाऱ्या संस्थांची संघटना आणि टीसीएस ही संगणक कंपनी यांच्या साहाय्याने २०१६ साली सुरू केलेलं सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय. अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचता न येणाऱ्या वाचकांनाच तिथे सभासद होता येतं. हे सगळं लेखी करारात घाला, आम्ही सही करू. आणि जो पुस्तक चोरणारच आहे, त्याला फाइलची गरज नसते. छापील प्रत आणि मोबाइलचा कॅमेरा त्याला पुरतो. अक्षरं लागतात ती फक्त अंध वाचकाला.

यात तुम्हालाही काहीतरी परत मिळावं, असं आमच्या मनात आहे. ‘छापलंय तसं’ हा नियम पाळताना छापील पुस्तकातल्या खऱ्या चुका, म्हणजे तुमच्याकडच्या प्रूफांतून निसटलेल्या, दिसतातच. आम्ही त्या मजकुरात परस्पर दुरुस्त करत नाही, वेगळ्या यादीत लिहून ठेवतो: पृष्ठांक, ओळ, काय छापलंय आणि काय असावं. ती यादी प्रत्येक पुस्तकामागे तुम्हाला देऊ, पुढच्या आवृत्तीला कामी येईल. तीन फेऱ्यांतून गेलेल्या पुस्तकाची अशी यादी क्वचितच कोरी असते.

राहिली ती जुनी पुस्तकं, ज्यांची फाइल कधी नव्हतीच. खिळे जुळवून छापलेली, किंवा ज्यांच्या फाइली फ्लॉपीबरोबर गेल्या ती. इथे स्कॅन आणि तपासणीला पर्याय नाही, आणि ही तपासणी अधिक अवघड आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘केलें’, ‘घरांत’, ‘मुलांनीं’ असे ते पानोपानी आहेत. छपाई झिजलेली, टिंबं अर्धी उमटलेली. एखादं टिंब खरोखर छापलं होतं की नाही हे ठरवताना स्वयंसेवकांत वाद होतात. आमचं मत असं की मूळ मजकूर त्याच्या काळच्या लेखनासह जपावा, आणि स्क्रीन रीडर त्या अनुस्वारांचा उच्चार करून वाचन रखडवतो म्हणून ऐकण्यासाठीची प्रत वेगळी, आजच्या लेखनात करावी. दोन्ही प्रतींवर तसं स्पष्ट लिहावं. यात काम दुप्पट होतं हे मान्य आहे. तरीही अभ्यासकाला आणि नुसत्या वाचकाला एकच प्रत पुरत नाही.

अशा पुस्तकांचं पुनर्मुद्रण तुम्ही जुन्या पानांवरूनच करत असाल, तर बांधणीला देण्याआधी सुट्या फर्म्यांचा, म्हणजे अनेक पानं एकत्र छापलेल्या मोठ्या कागदांचा, एक संच आमच्यासाठी बाजूला काढून ठेवा. फर्मा घडी न घालता सपाट ठेवला तर फारच उत्तम, कारण घडीवर पडलेली रेघही ओसीआर काना म्हणून वाचतं. सोळा पानी फर्मा आम्ही स्वतः कापून घेऊ. शिवणीची सावली नाही, वाकलेल्या ओळी नाहीत, कण्याच्या डिंकाने चिकटलेल्या कडा नाहीत. एवढ्यानेच पहिल्या फेरीचं काम बरंच हलकं होतं. फर्म्यांसोबत त्या आवृत्तीला जोडलेलं शुद्धिपत्र असेल तर तेही ठेवा. बांधलेल्या प्रतींत ते बहुधा सुटं असतं आणि आमच्यापर्यंत पोहोचेतो हरवलेलं असतं.

आपले,
अंध वाचकांसाठी मराठी पुस्तकं तपासणारे स्वयंसेवक